उपयोजित गणितात नेमकं काय शिकवतात?

मुलीने पुढच्या वर्षी नेहमीचं गणित घ्यावं की उपयोजित गणित, असं तुम्ही विचारलंय. आणि 'उपयोजित म्हणजे सोपं असणार ना?' हेही. हा विषय मी बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोपं हा शब्द आधी बाजूला ठेवा. सूत्रं आणि आकडेमोड इथे तुलनेने हलकी असते हे खरं, पण गणित मांडून कुणी हातात देत नाही. 'हे समीकरण सोडवा' असं सांगण्याऐवजी परिस्थिती सांगितली जाते. चल कोणते घ्यायचे, काय गृहीत धरायचं, काय सोडून द्यायचं हे विद्यार्थ्याने ठरवायचं. मुलं अडतात ती इथेच. समीकरणं सपासप सोडवणारी मुलंसुद्धा.

वर्गात मी हमखास घेतो ते कर्जाचं गणित बघा. कर्ज 1 लाख, व्याजदर वर्षाला 12 टक्के, फेड 12 समान मासिक हप्त्यांत. एक कर्ज देणारा फ्लॅट दराने, म्हणजे पूर्ण मूळ रकमेवर, हिशोब करतो: वर्षाचं व्याज 12,000, म्हणून हप्ता साधारण 9,333. दुसरा घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, महिन्याला 1 टक्का लावतो: हप्ता साधारण 8,885, एकूण व्याज 6,619 च्या आसपास. दोघेही '12 टक्के'च म्हणतात. मग मी विचारतो, पहिल्याचा दर घटत्या शिल्लकीच्या भाषेत किती? उत्तर येतं जवळपास 21.5 टक्के. मुलांना आधी ते पटतच नाही. मग महिन्यामहिन्याचा तक्ता मांडला की दिसतं: मुद्दल दर महिन्याला फिटत जातंय, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर चालू आहे.

यात गणित कुठलं, तर हप्त्याचं सूत्र भूमिती श्रेढीच्या (प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळतं अशा क्रमाच्या) बेरजेतून येतं, जी मुलांनी आधीच शिकलेली असते. उलट हप्त्यावरून दर काढायला सरळ सूत्र नाही. एक अंदाज घ्यायचा, हप्ता काढून बघायचा, दर थोडा खाली-वर करायचा, असं करत उत्तराच्या जवळ जायचं. स्प्रेडशीट वापरायची खरी गरज इथे कळते.

दुसरा मोठा भाग सांख्यिकीचा. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात), प्रतिगमन रेषा (बिंदूंमधून जाणारी सर्वात जुळती रेषा) हे सगळं येतं, पण सूत्रात आकडे घालून उत्तर काढणं म्हणजे सांख्यिकी नव्हे. फ्रान्सिस अँस्कम या सांख्यिकीतज्ज्ञाने 1973 मध्ये आकड्यांचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी आणि विचलन जवळजवळ सारखं, सहसंबंध 0.816 च्या आसपास, प्रतिगमन रेषाही तीच. आलेख काढले की एकात बिंदू रेषेभोवती पसरलेले, दुसऱ्यात स्पष्ट वक्र, तिसऱ्यात एकच भरकटलेला बिंदू रेषा ओढून नेतोय, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एका उभ्या रेषेत. हे चार आलेख ज्याने स्वतःच्या हाताने काढले, तो पुढे आकडा बघून लगेच निष्कर्ष काढत नाही. एवढ्यासाठीसुद्धा हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

लिनियर प्रोग्रामिंगही असतं: मर्यादित कच्चा माल, मर्यादित वेळ, त्यात नफा जास्तीत जास्त कसा होईल. शाळेत दोनच चल असतात, त्यामुळे आलेखावर क्षेत्र काढून कोपऱ्याचे बिंदू तपासले की झालं. प्रत्यक्षात चल हजारोंनी असतात; त्यासाठी जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली. मी मुलांना उत्तरानंतर थांबायला लावतो. उत्तर 7.4 टेबलं आलं तर? ती 7 करायची की 8? आठ बनवायला लाकूड पुरतंय का? हे विचारणं हा त्या गणिताचाच भाग आहे, आणि तिथे मार्क जातातही.

बाकी संभाव्यता, मॅट्रिक्स, निर्देशांक, कालश्रेणीतली (काळानुसार नोंदलेल्या आकड्यांची) पुढे सरकत जाणारी सरासरी, आणि खर्च-नफ्याचा बदल समजण्यापुरतं कॅल्क्युलस. अभ्यासक्रमानुसार यात कमी-जास्त होतं. त्रिकोणमिती आणि सिद्धता मात्र बहुतेक ठिकाणी बऱ्याच कमी असतात, आणि निवड करताना हेच लक्षात घ्यायला हवं. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र किंवा गणितातच पुढे जायचं असेल तर नेहमीचं गणित घ्या. ती कसर नंतर भरून काढणं फार जड जातं. वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, समाजशास्त्रं याकडे ओढा असेल तर उपयोजित गणित उत्तम. तरीही तिच्या मनात असलेल्या पदवी अभ्यासक्रमाला हा विषय चालतो का, हे प्रवेशाच्या नियमांत आत्ताच वाचून घ्या. काही अभ्यासक्रमांना चालत नाही.

आणि शाळेत जाऊन मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागा. सगळे प्रश्न 'सूत्र वापरून काढा' अशा धाटणीचे असतील, प्रकल्प नसेल, मुलांना स्प्रेडशीट उघडूच देत नसतील, तर नाव उपयोजित असलं तरी मी वर सांगितलं त्यातलं फारसं तिच्या वाट्याला येणार नाही. अशा शाळेत मी नेहमीचं गणितच घ्यायला सांगेन.