न्यूट्रोफिलला गोल, एमसीव्हीकडे काणाडोळा

"बाबा सोलापुरात एकटे असतात. परवा सिद्धेश्वराहून परतताना सात रस्त्यावर वाट चुकले. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट २० टक्के, या दोन पांढऱ्या पेशींचा भागाकार ३.६. पांढऱ्या पेशींवरून अल्झायमर आधीच कळतो म्हणे. सुरुवात झाली का?"

अहो न्यू जर्सीकर, रिपोर्टवर न्यूट्रोफिलभोवती गोल काढून पाठवलात. भागाकार बरोबर, घाई चूक. हे गुणोत्तर जास्त असणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो, असं काही अभ्यास दाखवतात. पण तो हिशेब मोठ्या गटाचा. एकट्या बाबांचं निदान त्यावर होत नाही. खाली तुम्हीच लिहिलंय, "खोकल्यासाठी स्टेरॉइड चालू होतं." मग झालं की! स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. खोकला जाऊन तीन-चार आठवडे झाले की सीबीसी पुन्हा करा.

माझी नजर अडकली ती त्याच कागदावर, जरा वर: एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान, १०४. शंभराच्या वर म्हणजे लाल पेशी मोठ्या झाल्यात. तिथे गोल नाही केलात! बाबा शाकाहारी, त्यात बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि मग लाल पेशी मोठ्या होतात, विसरायलाही होतं. म्हणून बी-१२ची शंका आधी घ्यायची. (आमच्या आत्याबाईंचा विसराळूपणाही तिथंच सापडला होता.)

बी-१२ आणि टीएसएचसाठी (थायरॉइडची चाचणी) रक्त द्यायचं ते गोळ्या सुरू करण्याआधी. आपल्याकडे आधी मेडिकलमधून शक्तीच्या गोळ्या येतात, मग आकडा फसवा चढतो. बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. २०० ते ३०० आला तर डॉक्टरांना होमोसिस्टीनच्या चाचणीबद्दल विचारा, बी-१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी चालूच राहते. मेटफॉर्मिनही परस्पर थांबवायचं नाही. आणि एखाद्याचा एमसीव्ही नॉर्मल आला म्हणून सुटका नाही. सोबत लोह कमी असेल तर तो नॉर्मल दिसतो.

एवढं करूनही विसरणं थांबलं नाही, तर न्यूरॉलॉजिस्ट. अमेरिकेत मे २०२५मध्ये मंजूर झालेली अल्झायमरसाठीची पी-टाऊ २१७ची रक्तचाचणी पेशी मोजत नाही, प्रथिनं मोजते. तीही ५५च्या पुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. किडनी अधू असेल तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं, म्हणून किडनीची क्रिएटिनिन चाचणी सोबत ठेवा.

आता पत्रातले तुमचे बाकीचे प्रश्न. बाबांचा फ्लॅट विकायचा का? आत्ता नाही. बाबांना तिकडे न्यायचं? बी-१२ येऊ द्या. ताईशी अबोला? फोन तुम्हीच करा, आजच. बाबांना लॅबमध्ये नेणार तीच आहे.