वाचकांचे प्रश्न: माशाचं डोकं कुठल्या बाजूला होतं?

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी ६०० मिमीची लेन्स घेतली. तरी जवळ जायला लागलो की पक्षी उडतो, आणि लांबून काढलेले फोटो धूसर येतात. शटर स्पीड १/२००० ठेवूनही तेच. लेन्समध्येच दोष असेल का? सोबत काही फोटो पाठवतो आहे.

उत्तर: लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी हेच फोटो सकाळी, ऊन चढायच्या आत काढून बघा. पाठवलेल्या फोटोंतल्या सावल्या अगदी आखूड आहेत, म्हणजे ते भर दुपारचे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते. तुमच्यात आणि पक्ष्यात जितकं अंतर, तितकी ती हवा मध्ये येते. शटर कितीही वाढवलंत तरी त्याला इलाज नाही. अंतर कमी करायला हवं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

तुम्ही पक्ष्याकडे चालत जाता. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. आता मी उजाडायच्या आधी जाऊन बसते आणि वाट बघते. रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे भाऊ १९०० च्या सुमारास बैलाचं कातडं चढवलेल्या पोकळ पुतळ्यात शिरून पक्ष्यांचे फोटो काढत. केवढा तो खटाटोप! पण माणसाचा आकार दिसू द्यायचा नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आपल्याला साधी जाळीसुद्धा पुरते.

अर्थात जाळीआड बसलो म्हणजे आपला त्रास होत नाही असं नाही. एकदा ओढ्याकाठी छोट्या खंड्यासाठी बसले होते. तो चोचीत मासा घेऊन समोरच्या फांदीवर आला. मासा आपटला, फिरवला, पण गिळेना. नुसता धरून बसला, डोकं सारखं वरखाली करत. मी भराभर फोटो घेत होते. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा लख्ख आला होता. मग स्क्रीनवर मोठं करून बघताना दिसलं, माशाचं डोकं चोचीबाहेर होतं. खंड्या स्वतः मासा खातो तेव्हा डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर घशात अडकत नाहीत. डोकं पुढे करून धरलेला मासा दुसऱ्या कुणासाठी असतो, मादीसाठी नाहीतर पिल्लांसाठी. बीळ जवळच होतं आणि मी वाट अडवून बसले होते. जाळी तशीच गोळा केली आणि बरीच मागे गेले. दोन मिनिटांत तो मी बसले होते त्याच्याच खालच्या दरडीत शिरला. खंड्याचा त्याहून चांगला फोटो माझ्याकडे आजही नाही, पण तो मी कुठे छापायला दिलेला नाही.

म्हणून आधी पक्षी बघा, मग कॅमेरा. पिसं साफ करता करता थांबला, मान ताणली, शीट टाकली, की तो उडायच्या बेतात आहे. लगेच मागे या. आणि घरटं दिसलं तर फोटो नकोच. आपण तिथे असेपर्यंत पालक लांब राहतात आणि अंडी गार पडतात.

प्रश्न: हरणं, ससे मी दिसायच्या आधीच पळतात. झाडोऱ्यात मिसळून जाणारे कपडे घालतो, तरीही. काय चुकतं?

उत्तर: कपड्यांच्या रंगावर फार भिस्त ठेवू नका. बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, वास मात्र फार लांबून कळतो. चिमूटभर कोरडी माती हातातून सोडून बघा. ती प्राण्याच्या दिशेने उडाली तर फिरून पलीकडून या. वारा तुमच्या तोंडावर हवा.

मग कान बघा. हरीण मान खाली घालून चरत असतं, पण एक कान तुमच्याकडे वळून तसाच राहिला, तर त्याला तुमची चाहूल लागलेली आहे. तो कान परत फिरेपर्यंत ट्रायपॉडला हातही लावू नका.