जिवाणूला आपला मध्य कसा सापडतो?

प्रश्न असा आहे, की ना डोळे ना मेंदू, तरी जिवाणू बरोबर मधोमधच कसा दुभागतो? आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचं उदाहरण घेऊ. त्याची लांबी जेमतेम 2 मायक्रोमीटर. दुभागताना एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं आतल्या बाजूने तयार होतं आणि तिथेच पेशीभित्ती आत वळत जाते.

खरी गंमत मध्य शोधण्यात आहे. पैठणला मागावर धोटा या काठावरून त्या काठावर पळताना पाहिलाय ना? मिन-सी आणि मिन-डी ही प्रथिनं तशीच या टोकाकडून त्या टोकाकडे जातात. मिन-ई हे तिसरं प्रथिन त्यांना एका टोकावरून सोडवतं, मग ती दुसऱ्या टोकावर गोळा होतात. एक फेरी साधारण मिनिटाभराची. मिन-सी जिथे असेल तिथे कडं बनू देत नाही. टोकांवर त्याचा मुक्काम जास्त, मध्यावर सगळ्यात कमी, म्हणून कडं मध्यावर! शिवाय एसएलएमए हे प्रथिन डीएनएच्या अंगावर कडं बसू देत नाही.

ही मिन प्रथिनं बनवणारी जनुकं बिघडली की टोकालाच तुकडा पडतो आणि डीएनए नसलेली इवलीशी पेशी सुटते. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूमध्ये मात्र अशा येरझाऱ्या नसतात. तिथे डिव्हआयव्हीए हे प्रथिन मिनला टोकांशी धरून ठेवतं.