गाडीचा गाव कुठला? वाचकांचे प्रश्न, उद्यमनगरातून उत्तरं

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात मोटारींवरची दोन जुनी पुस्तकं आहेत, एक लंडनचं आणि एक पॅरिसचं. दोन्हींत 1930 च्या दशकातल्या एकाच गाडीचा फोटो आहे. इंग्रजी पुस्तकात खाली ‘डराक’ लिहिलंय, फ्रेंच पुस्तकात ‘टाल्बो’. छपाईची चूक कुणाची? आणि गाडी इंग्लिश की फ्रेंच? यावरून घरात दोन तट पडलेत.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : चूक कुणाचीच नाही. ही गाडी पॅरिसला लागून असलेल्या सुरेनच्या कारखान्यात तयार झाली. फ्रान्समध्ये ती ‘टाल्बो’ म्हणून विकली जायची आणि इंग्लंडात उतरली की ‘डराक’ व्हायची. कारण लंडनमध्ये वेगळीच एक ‘टॅलबॉट’ तयार होत होती. एकाच दुकानात एका नावाच्या दोन निराळ्या गाड्या ठेवल्या तर गिऱ्हाईक कावणारच. नाव लिहायचं एकच, फ्रेंच माणूस शेवटचा ‘ट’ खातो, एवढंच.

आता हा घोळ झाला कसा, ते सांगतो. श्रूझबरीचे विसावे अर्ल, चार्ल्स चेटविंड-टॅलबॉट, हे घोड्यांचे शौकीन सरदार. लंडनमध्ये त्यांच्या भाड्याच्या घोडागाड्या चालायच्या, त्याही रबरी धावांच्या, म्हणजे दगडी रस्त्यावर खडखडाट नाही. दुसरीकडे पॅरिसचा आदोल्फ क्लेमाँ. हा सायकली बनवून गबर झालेला. डनलॉपच्या हवेच्या टायरचे फ्रान्सपुरते हक्क त्यानं वेळीच घेऊन ठेवले होते, त्यावरून माणसाची नजर कळते. या दोघांनी 1903 मध्ये लंडनला ‘क्लेमाँ-टॅलबॉट’ काढली. अर्लसाहेबांचं नाव आणि ओळखीपाळखी, क्लेमाँची गाडी.

सुरुवातीला फ्रान्सहून गाड्या आणायच्या, नाव बदलायचं आणि विकायच्या, असा सरळ व्यापार होता. मग पश्चिम लंडनमध्ये बार्लबी रोडवर कारखाना उभा राहिला. दर्शनी इमारत राजवाड्याच्या थाटाची, मागे शेड. ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे कलादालन आहे. 1906 पासून तिथे इंग्लिश आराखड्याच्या गाड्या बनू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत त्या खरोखरच गाजल्या.

किती गाजल्या, ते ऐका. 15 फेब्रुवारी 1913 रोजी ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर पर्सी लॅम्बर्ट यानं साडेचार लिटरच्या टॅलबॉटमध्ये एका तासात 103 मैल आणि 1470 यार्ड अंतर कापलं, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर. तासात शंभर मैलांची रेघ ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. त्या काळी वेग हवा असेल तर इंजिन अवाढव्य करायचं, ही सर्रास रीत होती. इथे चार सिलिंडरचं, गाडीच्या कॅटलॉगात ‘25 हॉर्सपॉवर’ म्हणून छापलेलं इंजिन तासभर न थांबता पूर्ण दाबून चालवलं. इंजिनाचं काम केलेल्या माणसाला विचारा, मैलभर पळवणं निराळं आणि तासभर पळवणं निराळं. तेल, बेअरिंग, टायर, सगळ्यांची परीक्षा त्या एका तासात होते. पुढे हा विक्रम दुसऱ्यानं मोडला. तो परत मिळवायला लॅम्बर्ट त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला पुन्हा त्याच पट्टीवर उतरला, टायर फुटला आणि तो गेला.

आता डराक. अलेक्झांद्र डराक हाही सायकलींतूनच वर आलेला. सुरेनचा कारखाना त्यानं उभारला, पण भांडवलदार लवकरच लंडनचे झाले. 1905 पासून कंपनीचं नाव ‘ए. डराक अँड कंपनी (1905) लिमिटेड’, कायद्यानं इंग्लिश. कामगार, भट्ट्या, लेथ मात्र सगळं सीन नदीच्या काठावर. या इंग्लिश डराकनं 1919 मध्ये लंडनची टॅलबॉट विकत घेतली, 1920 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनची सनबीम जोडून घेतली आणि तिघींची मिळून ‘एस. टी. डी. मोटर्स’ झाली. सनबीमचा मुख्य अभियंता लुई कोआतालें, तो ब्रिटनीचा, म्हणजे फ्रेंच. लंडनच्या टॅलबॉटला 1926 नंतर नावारूपाला आणणारा जॉर्ज रोश, तो जिनिव्हाचा स्विस. आता बोला, कुठली गाडी कुठली!

आम्हा कोल्हापूरकरांना हे उमजायला जड नाही. शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेल्या कास्टिंगवर पुण्याच्या, परदेशातल्या कंपन्यांची नावं उठलेली असतात. पॅटर्नवर, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात त्या नमुन्यावर, जे अक्षर असेल तेच ओतीवावर येणार. मी आयुष्यभर पॅटर्न बनवले, म्हणून माझा हिशेब साधा आहे. ड्रॉइंग कुणी काढलं आणि लोखंड कुठं ओतलं, गाडी तिथली. त्या न्यायानं तुमच्या फोटोतली गाडी फ्रेंच. पैसा इंग्लिश होता म्हणणाऱ्यांना चहा पाजा, पण पैज देऊ नका.

प्रश्न : अल्फा रोमिओ ही मूळची डराकच, असं कुठंसं ऐकलं. खरं का?
– एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : खरं, पण अर्धं. डराकनं 1906 मध्ये इटलीत कंपनी काढली, मिलानच्या पोर्तेलो भागात कारखाना घातला. पण त्या हलक्या फ्रेंच गाड्या इटलीतल्या चढांना आणि रस्त्यांना पुरल्या नाहीत. धंदा बसला. इटालियन मंडळींनी शेड ताब्यात घेतली आणि 1910 मध्ये ‘अल्फा’ सुरू झाली. गाडी ज्युझेप्पे मेरोझी यानं नव्यानं आखली. म्हणजे भिंती डराकच्या, गाडी नव्हे. ‘रोमिओ’ हे शेपूट त्याहून नंतरचं, निकोला रोमिओ या मालकाचं. जाता जाता, जर्मनीच्या ओपेलनंही 1902 मध्ये डराकचा परवाना घेऊन ‘ओपेल-डराक’ विकल्या होत्या. डराकला गिऱ्हाईक ओळखता यायचं, हे कबूल करायला पाहिजे.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन नामांकित कारखाने एकत्र असूनही एस. टी. डी. मोटर्स बुडाली का?
– एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : पोरा, तुझ्या कामाचं आधी सांगतो. ते एस. टी. डी. च्याही आधीचं आहे. 1911-12 च्या सुमारास डराकनं फिरत्या व्हॉल्व्हचं इंजिन बाजारात आणलं. नेहमीचे वरखाली होणारे व्हॉल्व्ह नाहीत, स्प्रिंगा नाहीत. त्याऐवजी एक फिरता दांडा, त्याच्या खाचांतून वायू आत येणार आणि जळालेला बाहेर जाणार. कागदावर सुंदर. आवाज तर नाहीच. पण फिरत्या भागाला एका अंगानं ज्वाळेचा चटका, दुसऱ्या अंगानं गारवा. फट घट्ट ठेवली तर तापल्यावर इंजिन जाम, सैल ठेवली तर दाब गळून ताकद जाते. मध्ये तेल टिकायला जागा नाही. गाड्या परत येऊ लागल्या, डराकसाहेब कंपनीतून बाहेर पडले. मग ओवेन क्लेग नावाच्या इंग्लिश अभियंत्यानं साधीसुधी इंजिनं देऊन सुरेन सावरलं. परीक्षेत सीलिंग आणि लुब्रिकेशनवर प्रश्न आला तर हे उदाहरण लिही.

एस. टी. डी. चं दुखणं पैशाचं. शर्यतींसाठी 1924 मध्ये पाच लाख पौंडांचं कर्ज काढलं, दहा वर्षांच्या मुदतीचं. शर्यती जिंकल्या, नाही असं नाही. 1923 मध्येच हेन्री सीग्रेव्हनं सनबीममधून फ्रेंच ग्रां प्री मारली होती. 1927 मध्ये त्यानंच अमेरिकेतल्या डेटोनाच्या वाळूवर दोन विमानी इंजिनांची सनबीम ताशी 203.79 मैलांनी पळवली. दोनशे मैलांची हद्द ओलांडणारी ती पहिली मोटार. पण बक्षिसाच्या कपाला बँक तारण मानत नाही. जागतिक मंदी आली, 1934 मध्ये कर्ज फेडायची तारीख आली आणि तिजोरी रिकामी.

मला वाईट वाटतं ते रोशचं. त्याचा विभाग नफ्यात होता. त्यानं पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे दांडे, स्वेटर विणायच्या सुईइतके बारीक केले, कारण वजन कमी तर इंजिनाचे फेरे जास्त. त्याच्या टॅलबॉट ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत 1930, 1931, 1932 अशी तीन वर्षं तिसऱ्या आल्या, तेही आपल्याहून दांडग्या इंजिनांशी झुंजून. 1935 मध्ये लंडनची टॅलबॉट रूट्स या इंग्लिश मोटार कंपनीनं घेतली आणि हळूहळू त्या नावाखाली रूट्सच्याच हिलमन गाडीच्या सांगाड्यावरच्या गाड्या निघायला लागल्या. सुरेनचा कारखाना व्हेनिसकडच्या अंतोनिओ लागोनं घेतला. त्यानं मात्र इज्जत राखली. त्याची टॅलबॉट-लागो 1950 मध्ये ल मान्स जिंकली. लुई रोझिए यानं मुलाला फक्त एक-दोन फेऱ्या दिल्या, बाकी चोवीस तास जवळपास एकट्यानं हाकली.

प्रश्न : शेजारी प्युजो 309 डिझेल विकतोय. कल्याणला बनलेली आहे. स्वस्तात मिळतेय. घेऊ का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : तुमचा प्रश्न याच पानावर का घेतला, त्याला कारण आहे. लागोचा कारखाना सिम्का या फ्रेंच मोटार कंपनीनं घेतला, सिम्का आणि रूट्स दोन्ही अमेरिकेच्या क्रायस्लरनं घेतल्या आणि 1978 मध्ये क्रायस्लरचा युरोपातला सगळा पसारा प्युजोनं उचलला. म्हणजे 1935 मध्ये फुटलेली दोन्ही घरं पुन्हा एका मालकाकडं आली. प्युजोनं 1979 मध्ये टॅलबॉट हे नाव पुन्हा बाजारात आणलं. 309 चं कामही टॅलबॉट म्हणूनच चाललं होतं, ‘ॲरिझोना’ हे तिचं ठरलेलं नाव. आराखडा इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचा, मालक फ्रेंच. पण टॅलबॉटचा खप घसरला, म्हणून 1985 मध्ये ती प्युजोच्या नावानं आली आणि 1990 च्या दशकात प्रीमियरच्या भागीदारीत कल्याणला जुळू लागली.

घ्यायचं म्हणाल तर डिझेलचं इंजिन चांगलं आहे. त्याच घराण्याचं 1527 सीसीचं इंजिन मारुतीनं पुढे झेन आणि एस्टीम डिझेलला बसवलं होतं, तेव्हा इंजिनाचे भाग शोधले तर सापडतात. दारांची रबरं, काचा, दिवे आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक मात्र मिळणं मुश्किल. ते आधी तपासा. काच तडकलेली असेल तर भाव तिथंच निम्म्यावर आणा. आणि कागदपत्रांवर फिटनेस कधीपर्यंत आहे ते बघितल्याशिवाय शेजाऱ्याच्या हातावर पैसे ठेवू नका.