शनिवारी रात्री काय करायचं?

मित्रा, दारू सोडल्यावर शनिवारची रात्र कशी काढायची, असं तू विचारलंस. शनिवारी रात्री ‘बसायचं’ नाही म्हटलं की वेळ खायला उठतो, हे मीही सोसलंय. तू रविवारचा सिंहगड धर. पुण्यात स्वारगेटहून पहाटेची पीएमपी बस पकड, गडाच्या पायथ्याला आतकरवाडीला उतर आणि ऊन तापायच्या आत वर पोच. मे महिन्यात वाटेवर सावली फारशी नसते. दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. पहिल्यांदा दीड-दोन तास लागतील. धाप लागली तर खुशाल थांब, सगळेच थांबतात. वर मडक्यातलं दही खाच, पिठलं-भाकरी भूक असेल तर. पहाटे उठायचं म्हणून शनिवारी दहालाच डोळे मिटतात. माझी दारू सुटायचं निम्मं काम त्यानेच केलं. पहिल्या खेपेला मी सोबत येतो. येत्या रविवारी निघायचं का?