टिनाला पांढरा रंग मारून इंधन बनते का?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला, कापूस-तूर करतो. पुतण्या बीएस्सीला हाय, तो म्हणे भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर असते तीच उन्हात पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवते. मंग आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, सारं ऊन फुकट जाते, टिनाला तोच रंग मारला तर?

उत्तर: पुतण्या गप्पा नाही मारत राजेहो. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाचा इलेक्ट्रोड वापरून उजेडानं पाणी फोडून दाखवलं. पण नुसतं ऊन पडून भागत नाही, आधी पाणी आणि गॅस त्या पावडरीला येऊन चिकटले पाहिजेत, याला अधिशोषण म्हणतात, म्हणजे आत मुरणं नाही, वरच्यावर चिकटणं, आणि सारी भानगड इथंच आहे.

म्हैस आणि शेळी एकाच गव्हाणीवर सोडून पाहा. पाण्याचा रेणू म्हणजे म्हैस, त्याची एक बाजू जराशी ऋण, दुसरी धन, त्यामुळे टायटॅनियमचा उघडा अणू दिसला की तिथं घट्ट बसते, आणि पृष्ठभागावर ऑक्सिजनची जागा रिकामी असली तर तुटून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन ठाण मांडते. कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडून सारखा, ढिला बसतो, वरून हवेत तो ०.०४ टक्केच. म्हणजे शेळी उपाशी. बरं म्हशीला हाकलूनही चालत नाही, इंधनाला लागणारा हायड्रोजन तिच्याचजवळ! पाणी जास्त झालं तर उजेडानं पावडरीत मोकळे झालेले इलेक्ट्रॉन नुसता हायड्रोजन वायू बनवण्यातच खर्ची पडतात. म्हणून काही संशोधक पावडरीवर मॅग्नेशियम ऑक्साइड बसवतात, ते अल्कधर्मी असल्यानं हा आम्लधर्मी गॅस धरून ठेवते, ओला चुना भिंतीवर हाच गॅस घेऊन कडक होतो ना, तसंच काहीसं.

४५ डिग्रीचं म्हणाल तर उलटंच, तापलं की ढिला बसलेला गॅस उडूनच जातो. या पावडरीला लागतात अतिनील किरणं, आणि ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के.

आणि रंगातली पावडर तर मुद्दाम बांधून ठेवलेली असते, कणांवर सिलिका नाहीतर ॲल्युमिनाचा पातळ थर देतात, नाहीतर ती उन्हात रंगालाच खाते. जुन्या रंगाला हात लावला की पांढरी भुकटी लागते, त्यामागचं हे एक कारण. टिनाला पांढरा रंग खुशाल मारा, खोली थोडी थंड राहील, पण चहा सिलिंडरवरच ठेवा.