विकास आराखड्याच्या सुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का?

शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या विकास आराखड्याच्या नव्या प्रारूपात, म्हणजे मसुद्यात, घराजवळच्या मैदानाचं आरक्षण उठवलंय, म्हणजे ती जागा आता मैदानासाठी राखीव दाखवलेली नाही, हरकत दिलीय, आता सुनावणीची नोटीस आलीय, तर रजा टाकून जावं का, असं तुम्ही विचारलंय. जा. मात्र तिथं कुणी तुमच्याशी चर्चा करेल अशी आशा धरू नका.

मी अशाच एका मैदानासाठी गेलो होतो. नोटिशीत वेळ सकाळी ११ ची, आणि हीच वेळ हॉलमधल्या सगळ्यांना दिलेली. माझा नंबर लागला साडेतीनला. भिंतीवरचा नकाशा १:१०,००० चा, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर कागदावर १ सेंटिमीटर. आमचं मैदान त्यात तुरीच्या डाळीएवढं. माझ्या पुढं एक आजोबा होते, पिशवीत सातबारा घेऊन आलेले. "साहेब, माझा गट नंबर..." एवढं म्हणतायत तोवर, "लेखी दिलंय ना? मग सही करा." रजिस्टरमध्ये आधीच लिहून ठेवलेलं: 'हरकतदार उपस्थित, म्हणणे ऐकले.' म्हणणं अजून तोंडातच होतं हो!

गोम कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ प्रमाणे नियोजन समितीनं हरकतदाराला बाजू मांडायची संधी द्यायची आणि मग अहवाल करायचा. समोरासमोर उत्तर द्यायचं बंधन तिच्यावर नाही. त्यामुळे संधी 'दिली' की साहेबांचं काम झालं. अंतिम मंजुरी पुढं राज्य शासनाची, आणि ती येईपर्यंत टेबलापलीकडची माणसं बदललेली असतात.

म्हणून बोलण्यापेक्षा कागदावर जोर द्या. आम्ही ३०० छापील अर्ज एकदम दिले आणि फसलो. सगळ्यांचा मिळून निकाल एका ओळीत, 'मान्य करता येत नाही'. तुमचा अर्ज तुमच्या शब्दांत असू दे. त्यात सर्व्हे नंबर, जुन्या आराखड्यात काय होतं, आता काय दाखवलंय आणि जागेवर प्रत्यक्षात काय आहे, एवढं फोटोसकट लिहा. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यात लोकांनी नेमक्या अशाच ढोबळ चुका दाखवल्या, म्हणून सरकारला तो नव्यानं करायला सांगावा लागला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. अर्थात तिथं आरडाओरडाही मोठा होता, एकट्यादुकट्या मैदानाला ते भाग्य नसतं.

सुनावणीला जाताना तुमचं म्हणणं एका पानावर लिहून दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'आवक विभाग वरच्या मजल्यावर आहे, आत्ता जेवणाची सुट्टी आहे' असं सांगतील. थांबा. रजिस्टरमधला शेरा वाचल्याशिवाय सही करू नका. मी केली होती. समितीचा अहवाल पुढं माहिती अधिकारात मागवला तेव्हा माझ्या नावापुढं तेच शब्द होते.